रात्री भाजणारी भिंत: दहा महिन्यांनंतर

आमचं घर नागपूरच्या मानेवाड्यात, भिंती 9 इंची विटांच्या. पश्चिमेच्या भिंतीवरच्या जुन्या टाइल्स पोकळ होऊन सुटायला लागल्या होत्या; एक तर थेट आईच्या तुळशीवर पडली. त्या काढून फायबर सिमेंटचे बोर्ड लावायचेच होते, परांचीचा खर्च होणारच होता, म्हणून फेब्रुवारीत बोर्डांच्या मागे 50 मिमी रॉकवूल, म्हणजे दगड वितळवून केलेली, उष्णता अडवणारी लोकर, भरून घेतलं. मिस्त्री म्हणे, "काहून भाऊ, घराचा फ्रीज बनवून राह्यले का?"

थर्माकोल स्वस्त पडत होता, पण तो पेट घेतो. 2017 मध्ये लंडनच्या ग्रेनफेल टॉवरची आग बाहेरच्या क्लॅडिंगमधूनच (भिंतीवरच्या आवरणातूनच) वर चढली होती. रॉकवूल जळत नाही. कापताना अंगाला खाज सुटते, तेवढं सोसायचं.

विटांची भिंत दुपारचं ऊन पोटात साठवते आणि रात्री नऊ-दहाला आत सोडते. बाहेर वारा सुटला तरी पलंगाची ती बाजू तापलेलीच. यंदा नवतपातही, म्हणजे मेअखेरच्या सगळ्यात कडक नऊ दिवसांतही, जेवण झाल्यावर त्या भिंतीला पाठ टेकून बसता आलं. कूलर पहाटेपर्यंत चालायचा, तो एकच्या सुमारास बंद होऊ लागला. दुपारी मात्र फारसा फरक नाही, कारण स्लॅब उघडाच आहे. पैसे एकाच कामापुरते असतील तर आधी गच्ची करा. भिंतीवर ऊन दुपारनंतर येतं, गच्चीवर दिवसभर. आणि खिडकीतून आत आलेली गरमी आता लवकर बाहेर जात नाही. रात्री खिडक्या उघडाव्याच लागतात. आईला चोरांची धास्ती, म्हणून ग्रिल बसवलं.

खरा मनस्ताप खिडक्यांनी दिला. बोर्ड ज्यावर बसवतात ते चॅनल, रॉकवूल आणि बोर्ड मिळून भिंत चार इंचांनी जाड झाली, पण कंत्राटदाराने खिडकीखालची फरशी तेवढीच ठेवली. जुलैच्या पहिल्याच झडीत पाणी बोर्डामागे उतरलं. भिजलेलं रॉकवूल काही कामाचं नसतं. दोन बोर्ड उघडून माल बदलला, पुढे आलेली उतरती फरशी बसवली, तिच्या खालून पाणी गळून पडावं म्हणून खाच मारली. खर्च आमच्याच माथी. हे काम सुरू व्हायच्या आधीच ठरवून, लिहून घ्या.

एसीच्या ब्रॅकेटचे लांब बोल्टही आधीच टाकायला हवे होते. आता बोर्ड फोडावा लागणार. खाली हवेसाठी सोडलेल्या फटीला स्टीलची जाळी मात्र पहिल्याच दिवशी लावली होती. शेजारच्या आंब्यावरच्या खारी तिथे रोज चौकशीला येतात.

डिसेंबरात आईने आपली खाट त्याच भिंतीशी सरकवली.