महिन्याचा किराणा: ॲपचं कूपन, डी-मार्टची फेरी की वाण्याची यादी?

आम्ही दोघं, एक शाळेतलं पोर आणि अधूनमधून मुक्कामाला येणारे आई-बाबा, एवढ्या घराचा किराणा डोळ्यासमोर ठेवून लिहितोय. एकटे राहत असाल तर गणित जरा वेगळं पडतं, ते शेवटी बघू. ॲपमध्ये कूपन कुठे टाकायचं वगैरे सांगत बसत नाही, ते हल्ली आईलाही येतं.

आधी डी-मार्ट, कारण तिथे बोलण्यासारखं कमी आहे. कूपन नाही, कोड नाही, एमआरपीच्या खाली जो भाव लावलाय तो सगळ्यांना सारखा. २००२ मध्ये पवईला पहिलं दुकान निघालं तेव्हापासून मालक राधाकिशन दमाणींचं गणित साधारण हेच, बऱ्याचशा जागा स्वतःच्या म्हणजे भाड्याचा बोजा कमी, सप्लायरचे पैसे लवकर चुकते करून त्याच्याकडून भाव पाडून घ्यायचा आणि त्यातला काही हिस्सा गिऱ्हाइकाला द्यायचा. साबण, डिटर्जंट, टूथपेस्ट, फरशी पुसायचं लिक्विड, असल्या न सडणाऱ्या मालात त्यांच्यावर कूपन लावून मात करणं मला तरी फारसं जमलेलं नाही. अडचण भावाची नसते, जाण्यायेण्याची असते. महिन्याच्या पहिल्या रविवारी अशा कुठल्याही मोठ्या दुकानात पार्किंगपासूनच रांग, पेट्रोल वेगळं, आणि ट्रॉली एवढी मोठी की तूरडाळ आणायला गेलेला माणूस उशांचे अभ्रे घेऊन घरी येतो. म्हणून तिकडे दोन-तीन महिन्यांतून एकदाच, आणि शक्यतो मधल्या वारी सकाळी.

आता कूपन. कूपन म्हणजे फसवणूक असं माझं अजिबात म्हणणं नाही. यादीत जे आहे तेच घेताना बिलातून ७५ रुपये उडाले तर आनंदच आहे. पण ज्या एका गोष्टीने माझं मन कूपनवरून उठवलं ती म्हणजे ती कार्टखालची हिरवी पट्टी. "आणखी १८७ रुपयांची खरेदी करा आणि ७५ रुपये वाचवा." समजा आपली यादी ६१२ रुपयांची आहे आणि कूपन ७९९ च्या वर लागतं. म्हणजे १८७ चं काहीतरी टाकायचं, त्यातून ७५ गेले, खिशातून ७२४ गेले. यादीपुरतंच घेतलं असतं तर ६१२. वरच्या ११२ रुपयांत आलेलं सामान खरंच लागणार होतं तर ठीक, चांगलाच सौदा म्हणायचा, पण रात्री साडेदहाला पट्टी भरायची म्हणून शोधलेली वस्तू सहसा पेरी-पेरी मखाणे असते. आणि हे शोधणं हाच खरा वैताग. पंधरा मिनिटं अंगठा वर-खाली, एक वस्तू टाकली तर १४ रुपये कमी पडतात, दुसरी टाकली तर ४० जास्त होतात, मग कोथिंबीर टाकून बघा, मग बायको म्हणते अरे ते राहू दे, झोप आता. तोवर मघाशी टाकलेला पोह्यांचा पुडा आउट ऑफ स्टॉक होऊन पट्टी परत खाली आलेली असते.

यात बारीक अक्षरातली भानगड वेगळीच. एका ॲपवर (नाव नको) हे सगळं जुळवून आणलं तर खाली ओळ आली की तेल, आटा, साखर आणि दूध धरून कूपन चालणार नाही. म्हणजे किराण्यातून किराणाच वजा! शिवाय हँडलिंग चार्ज, पाऊस असेल तर पावसाचा चार्ज, आणि वाचलेले पैसे कॅशबॅक म्हणून मिळाले तर तो ठरावीक तारखेच्या आत पुढच्या ऑर्डरलाच वापरायचा. खिशात परत येत नाही तो पैसा वाचला असं मी तरी धरत नाही, तुमचं मत वेगळं असू शकेल.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला डार्क पॅटर्नविरुद्ध, म्हणजे ॲप-वेबसाइटवर गिऱ्हाइकाला गंडवायच्या युक्त्यांविरुद्ध गाइडलाइन्स काढल्या, त्यात १३ प्रकार दिलेत, न विचारता कार्टमध्ये काही सरकवणं, शेवटच्या पायरीला चार्ज उघड करणं, "दोनच शिल्लक" म्हणून खोटी घाई करणं, हे सगळं त्यात येतं. असं काही दिसलं तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. पण मिनिमम ऑर्डरचं कूपन यात बसत नाही हो, ते आपल्याला आधीच नीट सांगून सवरून केलेलं असतं, त्यामुळे चिडायचं तरी कोणावर.

तिसरा पर्याय आमचा कोपऱ्यावरचा वाणी. यादी व्हॉट्सॲपवर टाकली की संध्याकाळपर्यंत पोरगा सामान वर आणून देतो. तो कूपन देत नाही, महिन्याची यादी एकदम दिली तर पॅकिंगच्या मालावर एमआरपीतून थोडे कमी लावतो आणि बिलाखालचे सुटे सोडतो, बस. कागदावर ही सवलत कूपनपेक्षा किरकोळच दिसते. पण त्याच्याकडे पट्टी नाही. पाव किलो मसूर आणि शंभर ग्रॅम खसखस मागितली तर तेवढीच येते, "अजून काय देऊ?" एकदा विचारतो आणि नाही म्हटलं की गप्प बसतो. रवा किडका निघाला तर दुसऱ्या दिवशी बदलून मिळतो, फोटो काढून अपलोड करायला लागत नाही. तांदूळ-डाळी सुट्या घेतल्या तर त्यावर जीएसटीही नसतो, १८ जुलै २०२२ पासून ५ टक्के लागला तो लेबल लावलेल्या बंद पाकिटांवर (२५ किलोपर्यंतच्या). आता सुट्या मालाची प्रत बघून घ्यावी लागते, हेही खरं, आणि वाण्यानुसार अनुभव बदलतो. आमचा वाणी मील कार्ड (ऑफिसातून खाण्यापिण्यासाठी मिळणारं) घेत नाही, हा त्याचा मोठा तोटा, त्यामुळे कार्डातले पैसे संपवायला मला ॲपवर जावंच लागतं.

मुंबई-ठाण्याकडे असाल तर आणखी एक बघा, मुंबई ग्राहक पंचायत. १९७५ पासून चालू आहे, शेजारपाजारची घरं मिळून संघ करतात, मागणी आधी नोंदवायची, माल एकत्र येतो आणि आपणच वाटून घ्यायचा. माझ्या मावशीचा संसार त्यावर चालला. वेळ द्यायची तयारी पाहिजे मात्र.

कुठेही घ्या, पाकिटावर एमआरपीच्या जवळ हल्ली प्रति ग्रॅम किंवा प्रति किलो भाव छापतात तो बघत जा. कूपन बहुतेक वेळा मोठ्या पॅकवर किंवा नव्या ब्रँडवर असतं आणि मोठा पॅक नेहमी स्वस्त पडतोच असं नाही, चहा पावडर आणि बिस्किटांत मी हे बऱ्याचदा पाहिलंय. दुसरं म्हणजे अंगाचा साबण, शाम्पू, टूथपेस्ट यांचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ वरून ५ टक्क्यांवर आला, त्यामुळे त्याआधीच्या बिलाशी ताडून "केवढी सूट मिळाली" असं म्हणू नका, त्यातली बरीचशी सरकारची असेल.

एकटे असाल, हिंजवडीत किंवा पवईत भाड्याने राहत असाल, रात्री नऊला घरी येत असाल, तर ॲपच घ्या, उगाच भावनिक होऊन वाण्याकडे जाऊ नका, तो तोवर शटर ओढत असतो. फक्त यादी आधी कागदावर लिहा आणि ॲप नंतर उघडा. रक्कम आपसूक कूपनच्या वर जात असेल तर लावा, नसेल तर त्या पट्टीकडे बघूच नका. दोन-तीन फ्लॅटमेट असतील तर सगळ्यांची यादी एका ऑर्डरमध्ये घाला, मग मिनिमम सहज पार होतं, चार्जही एकदाच लागतो.

घर असेल तर मी तरी वाण्याकडे झुकतो, साबण-बिबण डी-मार्टमधून. दिवाळीच्या महिन्यात मात्र त्याला यादी आठवडाभर आधी द्या, भाजणीचं सामान, पोहे, डालडा, मैदा, सगळं एकदम. धनत्रयोदशीला फोन केलात तर तो उचलणार नाही, आणि उचललाच तर चकलीचे तीळ संपलेत असं सांगेल.