भिंतीतल्या पाइपला ड्रिल लागलं: तिथेच जोड द्यावा की बाहेरून नवी लाइन घ्यावी?

बाथरूममध्ये आरसा किंवा टॉवेल रॉड लावताना पाइपला ड्रिल लागलं, तर आधी एक लक्षात ठेवा. स्क्रू आत गेला असेल तर तो काढू नका. तो आहे तोवर भोक बरंचसं बुजलेलं राहतं. मेन कॉक बंद करा, गिझरचा आणि त्या भिंतीतल्या वायरिंगचा एमसीबी पाडा, खालचा नळ सोडून लाइन रिकामी करा. प्लंबर त्यानंतर.

आता निर्णयाचं. जागेवर जोड देणं चांगलं की नाही, हे पाइप कशाचा आहे यावर ठरतं. सीपीव्हीसी (गरम पाण्यालाही चालणारा प्लास्टिकचा पाइप) असेल तर भोक पडलेला तुकडा कापून नवा तुकडा दोन कपलरने, म्हणजे दोन टोकं जोडणाऱ्या नळकांड्यांनी, बसवता येतो. पण भिंतीत आवळलेला पाइप सरकत नाही. कपलर आत जायला तो थोडा तरी हलायला हवा, म्हणून दोन्ही बाजूंना झिरी (पाइपसाठी भिंतीत खोदलेली खाच) वाढवावी लागते आणि एका टाइलच्या जागी दोन-तीन फुटतात. शिवाय सॉल्व्हंट सिमेंट, म्हणजे जोड चिकटवायचा द्रव, ओल्या पाइपावर धरत नाही. मेन कॉक झिरपत असेल तर वरची टाकी रिकामी करूनच काम घ्या. घाईत दिलेला जोड पुन्हा गळतो.

जुन्या इमारतीतला जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप असेल तर मी जोडाच्या भानगडीत पडणार नाही. भिंतीत आटे पाडायला डाय (आटे कापायचं हत्यार) फिरवण्याइतकी जागा मिळत नाही, आणि ज्या पाइपला आतून गंज आहे तो एका ठिकाणी सांधून पुढे किती टिकणार? तिथे जुना भाग दोन्ही टोकांना बंद करून उघडी लाइन घेणं शहाणपणाचं. ती दिसते, एवढीच तिची तक्रार. गळली तर त्याच दिवशी कळते, आणि दुरुस्तीला छिन्नी लागत नाही. मात्र गरम पाण्यासाठी साधा पीव्हीसी वापरू देऊ नका, सीपीव्हीसीच हवा. उन्हात येणाऱ्या भिंतीवरून न्यायची असेल तर त्यावर रंग किंवा आवरणही हवं.

भाड्याच्या घरात, किंवा तुमच्या टाइलचं डिझाइन आता बाजारात मिळत नसेल, तर सीपीव्हीसी असूनही बाहेरची लाइन बरी. घर स्वतःचं, टाइल शिल्लक आणि पाइप अलीकडचा, तर जोडच द्या.

वरून एम-सील लावण्याचा तिसरा मार्ग बरेचजण सुचवतात. गरम-गार पाण्याने पाइप आखडतो-फुगतो आणि तो लेप सुटतो. ओल मग खालच्या घराच्या छतावर उमटते, आणि सोसायटीत तंटा सुरू होतो.

कोणताही मार्ग घ्या, प्लास्टर करण्याआधी पूर्ण दाबाने पाणी सोडून काही तास बघा, आणि उघड्या झिरीचा फोटो मोजायची टेप लावून काढून ठेवा: जमिनीपासून किती, कोपऱ्यापासून किती.