व्हीलचेअर आणि वडिलांचे येणेजाणे

मणक्याच्या दुखण्याने वडिलांच्या दोन्ही पायांतील ताकद गेली, तेव्हा आम्ही नाशिकमधील एका दुकानातून अ‍ॅल्युमिनियमची, घडी होणारी व्हीलचेअर साडेआठ हजार रुपयांना घेतली. वर्षभर ती रोज वापरल्यानंतर हे लिहीत आहे, कारण घेताना जे आम्हाला सांगायला हवे होते ते कोणीच सांगितले नाही.

सर्वांत आधी माप. विक्रेत्याने ‘अठरा इंची’ एवढेच सांगितले होते, पण ते माप बैठकीच्या रुंदीचे असते; मागची चाके आणि त्यांच्या बाहेरची, हाताने फिरवायची कडी धरली की आमची खुर्ची पंचवीस इंच भरते. सिडकोतील आमच्या घराच्या न्हाणीघराचे दार चोवीस इंचांचे. पहिल्याच सकाळी खुर्ची दारात अडली आणि वडिलांनी काही न बोलता तोंड भिंतीकडे फिरवले. अखेर चौकट काढून दार मोठे करावे लागले. तेव्हा घरातले सर्वांत अरुंद दार आधी मोजा, आणि दुकानात एका कडीपासून दुसऱ्या कडीपर्यंतची रुंदी समोर मोजून घ्या.

बाकी खुर्ची चांगली आहे. बैठकीचे कापड मधोमध धरून वर उचलले की घडी होते आणि ती रिक्षात मावते. खुर्चीचे हात मागे वळवता येत असल्यामुळे वडील पलंगावरून बाजूने सरकून स्वतः खुर्चीत येतात. ही सोय नसलेली खुर्ची घेऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. टायर भरीव असल्याने पंक्चरची चिंता नाही, मात्र खड्ड्यांचे हादरे थेट पाठीला बसतात आणि पुढची लहान चाके पेव्हर ब्लॉकच्या फटींत अडकतात. पायरी उतरताना खुर्ची उलटी फिरवून मोठी चाके आधी खाली घ्यावीत. घरापुढच्या उताराला एक इंच उंचीमागे एक फूट लांबी लागते. आमचा ओटा दीड फूट उंच, म्हणजे अठरा फूट उतार आला, आणि अंगणात तेवढी सरळ जागा नसल्याने तो मध्येच वळवावा लागला.

वडील १९७८ साली सिन्नर तालुक्यातून येऊन सातपूरच्या कारखान्यात लागले आणि सिडकोतून सायकलने कामावर जात राहिले. आमच्या घराला जी काही पत आली ती त्या सायकलीवरून आली. ‘येणेजाणे’ हा शब्द आपण रस्त्यासाठीही वापरतो आणि नात्यासाठीही, याचा अर्थ मला खुर्ची येण्याआधीच्या तीन महिन्यांत कळला. वडिलांचे जाणे थांबले आणि पंधरवड्यात लोकांचे येणेही थांबले. ज्यांचा शब्द लेनमधल्या प्रत्येक भांडणात घेतला जाई, त्यांना कोणी काही विचारीनासे झाले. आता ते संध्याकाळी पवननगरच्या भाजीबाजारात जातात, मेथीची जुडी स्वतः निवडून घेतात, आणि गेल्या महिन्यात शेजारी त्यांना मुलीच्या सोयरिकीच्या बैठकीला बसवायला घेऊन गेले.

तरी एका कार्यालयातील लिपिकाने त्यांच्यासमोर मला विचारले, ‘यांना सही करता येते का?’ वडिलांनी पेन मागून घेतले आणि सही केली.

२ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या काळाराम मंदिर सत्याग्रहात माझे आजोबा होते. यंदा त्याच तारखेला वडिलांनी पंचवटीत न्यायला सांगितले. मंदिराच्या दारापुढे आल्यावर त्यांनी माझे हात खुर्चीच्या मुठींवरून काढायला लावले, स्वतः कड्या फिरवून ते थोडे पुढे गेले आणि ब्रेक लावून तिथे बराच वेळ बसले. ब्रेक मात्र तपासून घ्या. आमचे सहा महिन्यांत सैल झाले होते आणि ते पाना लावून घरीच घट्ट करता येतात.