गिझा की लक्सर? इजिप्तसाठी मोजकेच दिवस असतील तर

आठवडाभराची रजा मिळाली आहे आणि त्यात कैरो, लक्सर, अस्वान, अबू सिंबेल सगळंच बसवायचं आहे. मुंबई-पुण्याहून निघणाऱ्या बऱ्याच सहलींचं वेळापत्रक असंच भरगच्च असतं. लक्सरला राजांच्या थडग्यांची ‘राजांची दरी’, हातशेपसुत राणीचं मंदिर आणि मेम्नॉनचे पुतळे एकाच सकाळी उरकून मंडळी दुपारी क्रूझवर जेवायला परत. मला हे अजिबात पटत नाही. असतील तेवढे दिवस कैरो-गिझा आणि लक्सर या दोनच ठिकाणांत वाटावेत, आणि मोठा वाटा लक्सरला द्यावा, असं माझं मत आहे. अर्थात काहींनी नेमकं उलट करावं, तेही पुढे सांगतो.

आधी काळाचा हिशेब, कारण तो डोक्यात पक्का नसला की सगळं एकाच वेळचं वाटतं. गिझाचा खुफू राजाचा मोठा पिरॅमिड इ.स.पू. २५६० च्या सुमाराचा. लक्सरमध्ये आपण जे बघतो ते बहुतेक इ.स.पू. १५५० ते १०७० या, ‘नवं राज्य’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या काळातलं. त्या काळातला बालराजा तुतनखामून जन्मला तेव्हा खुफूचा पिरॅमिड बाराशे वर्षं जुना झाला होता. मधल्या काळात पिरॅमिड लुटले गेले. पुढच्या राजांनी डोंगराच्या पोटात दडवलेली थडगी पसंत केली, त्यामागे हे एक मोठं कारण मानलं जातं.

गिझा: आकाराचा धक्का

मूळ उंची १४६ मीटर, आज सुमारे १३८. जवळपास २३ लाख दगड. हे आकडे आपण शाळेपासून ऐकलेले असतात, तरी पायथ्याशी उभं राहून खालच्या थरातला दगड छातीपर्यंत येतो तेव्हाच ते अंगाला भिडतात. फोटोत हे येत नाही, म्हणून गिझा चुकवू नये. पण तीन पिरॅमिड आणि ७३ मीटर लांबीचा स्फिंक्स बघायला अर्धा दिवस पुरतो, हेही तितकंच खरं.

मोठ्या पिरॅमिडच्या आत जायला वेगळं तिकीट लागतं. वाट अरुंद आणि चढाची, बराच भाग कंबरेत वाकून जावं लागतं, हवा कोंदट. मग एकदम आठ मीटरहून उंच दालन उघडतं. दोन्ही बाजूंचा दगडाचा प्रत्येक थर खालच्यापेक्षा थोडा आत सरकलेला आणि सगळं वर निमुळतं होत गेलेलं. हे बांधकाम पाहून मी थक्क झालो. शेवटच्या खोलीचा ग्रॅनाइट अस्वानहून नाईलमार्गे आणलेला. त्या खोलीच्या भिंतींवर मात्र एक चित्र नाही, एक अक्षर नाही. गुडघे दुखत असतील किंवा कोंडल्यासारखं होत असेल, तर आत न गेल्याची हळहळ नको.

कैरोच्या बाजूला मला गिझाइतकाच ओढणारा भाग म्हणजे सक्कारा आणि दहशूर. वास्तुकार इम्होतेपने जोसेर राजासाठी बांधलेला पायऱ्यांचा पिरॅमिड सक्काऱ्याला आहे. दहशूरला स्नेफेरू राजाचे दोन: एक वाकडा, ज्याचा उतार ५४ अंशांवरून मध्येच ४३ वर आणावा लागला, आणि दुसरा तांबडा, जो शेवटी सरळ जमला. हा स्नेफेरू म्हणजे खुफूचा बाप. शंभर-सव्वाशे वर्षांत ही माणसं कशी चुकत, शिकत गेली ते एका दिवसात डोळ्यांनी बघता येतं. सक्काऱ्यालाच उनास राजाच्या छोट्या पिरॅमिडमध्ये भिंतीभर मंत्र कोरलेले आणि छतावर तारे आहेत. पिरॅमिडच्या आत मजकूर पहिल्यांदा तिथेच दिसतो. गिझाच्या दुकानदारांत आणि उंटवाल्यांत दुपार घालवण्यापेक्षा गाडी ठरवून इकडे या.

लक्सर: बोलणाऱ्या भिंती

लक्सरला नाईलचा पूर्व तीर मंदिरांचा, पश्चिम तीर थडग्यांचा. पूर्वेला कर्नाक मंदिराच्या मोठ्या सभामंडपात १३४ खांब आहेत, मधले बारा सुमारे २१ मीटर उंच. मान वर करून बघितलं तर तुळयांच्या खालच्या अंगाला, जिथे ऊन पोहोचत नाही, तिथे मूळ रंग टिकून आहे. कर्नाकपासून लक्सर मंदिरापर्यंतचा सुमारे पावणेतीन किलोमीटरचा स्फिंक्सांचा रस्ता २०२१ मध्ये पुन्हा खुला झाला. लक्सर मंदिर संध्याकाळी दिव्यांत बघा. दारातल्या दोन स्तंभांपैकी एक जागेवर आहे, दुसरा पॅरिसच्या चौकात उभा आहे.

पश्चिम तीराला किमान दोन सकाळी हव्यात. राजांच्या दरीच्या साध्या तिकिटात तीन थडगी बघता येतात. तुतनखामून, पहिला सेती आणि सहावा रामसेस या राजांच्या थडग्यांची तिकिटं वेगळी. जास्तीचे पैसे एकाच थडग्यावर घालायचे असतील तर सेती. १८१७ मध्ये बेल्झोनी या इटालियन शोधकाला ते सापडलं. एवढं नाजूक कोरीव काम त्या दरीत दुसरीकडे नाही. ते तिकीट फार महाग वाटलं तर सहावा रामसेस घ्या. तिथे छतभर आकाशदेवी नूत पसरलेली आहे, जी रोज संध्याकाळी सूर्य गिळते आणि पहाटे त्याला जन्म देते. याच थडग्याच्या खोदकामाचा राडारोडा खाली तुतनखामूनच्या दारावर पडला होता आणि १९२२ पर्यंत ते झाकलेलं राहिलं.

हातशेपसुतच्या मंदिरात गर्दी असते ती समोरच्या दृश्यासाठी. तुम्ही मधल्या मजल्यावरची पुंत देशाच्या सफरीची शिल्पं शोधा: धूपाची झाडं मुळांसकट जहाजांवर चढवताहेत. दुसऱ्या सकाळी मेदिनेत हाबू हे तिसऱ्या रामसेसचं मंदिर आणि देर अल-मदिना हे गाव. हे गाव म्हणजे राजांची थडगी कोरणाऱ्या कारागिरांची वस्ती. धान्याचा पगार थकला म्हणून तिसऱ्या रामसेसच्या काळात या लोकांनी काम बंद केलं होतं; इतिहासाला माहीत असलेला हा जवळपास पहिला संप. त्यांनी स्वतःसाठी रंगवलेली छोटी थडगी बघितली की मला राजांपेक्षा हीच माणसं जवळची वाटतात. सहलींच्या यादीत हे गाव क्वचितच असतं.

कोणी काय निवडावं

चारच दिवस असतील, किंवा सोबत लहान मुलं आणि फार चालू न शकणारे आईवडील असतील, तर कैरोत मुक्काम ठेवा. पिरॅमिडजवळचं ग्रँड इजिप्शियन म्युझियम नोव्हेंबर २०२५ मध्ये पूर्ण खुलं झालं. तुतनखामूनच्या थडग्यातल्या पाच हजारांहून अधिक वस्तू आणि खुफूची ४३ मीटर लांबीची लाकडी नाव तिथे आहे, आणि हे सगळं थंड हवेत, लिफ्टच्या सोयीने बघता येतं. राजांच्या ममी तिथे शोधू नका. त्या २०२१ पासून कैरोतल्याच फुस्तात भागातल्या संग्रहालयात आहेत.

मे महिन्याच्या सुट्टीत जाणार असाल तरी कैरोचं पारडं जड. लक्सरचा पारा तेव्हा चाळिशी गाठतो आणि दरीत सावली नाही. दिवाळीची सुट्टी दोन्हींसाठी उत्तम.

सहा-सात दिवस असतील तर लक्सरला तीन पूर्ण दिवस द्या, कैरोला दोन-तीन. अबू सिंबेलचा मोह मलाही होतो. धरणाच्या पाण्यातून वाचवण्यासाठी १९६४ ते १९६८ मध्ये ते अख्खं मंदिर कापून ६५ मीटर वर नेलं. पण अस्वानहून जाऊन-येऊन सगळा दिवस रस्त्यात जातो. नऊ-दहा दिवस असतील तरच त्याला हात घाला.

दोन्हीकडे बहुतेक तिकीट खिडक्यांवर कार्डच चालतं, रोख नाही. थडग्यातला रखवालदार आपणहून कोपरा दाखवू लागला की बक्षिसाची अपेक्षा असते. नको असेल तर सुरुवातीलाच हसून नाही म्हणा. शाकाहारी मंडळींना कोशरी (भात, मसूर आणि पास्ता) आणि तामिया (कडधान्याचे वडे) दोन्ही शहरांत मिळतात.

क्रमाबद्दल माझा आग्रह आहे: आधी लक्सर, मग कैरो. कैरो ते लक्सर विमानाने तासाभराचं अंतर. तुतनखामूनचं थडगं खरं तर अगदी लहान आहे, एकाच खोलीला रंग दिलेला, आणि त्याची ममी अजून तिथेच काचेखाली आहे. ती जागा आधी बघा, म्हणजे संग्रहालयातले रथ, पलंग आणि एकात एक बसवलेल्या सोनेरी देवघरांसारख्या पेट्या एवढ्याशा जागेत कशा रचल्या असतील हे कळायला लागतं. सेतीचंही तसंच: थडगं लक्सरला, देह फुस्तातला, दगडी पेटी लंडनला. संग्रहालयाला पूर्ण दिवस ठेवा, आणि पिरॅमिड त्याच दिवशी घाईने न उरकता दुसऱ्या सकाळी दार उघडताच गाठा.