परागकण बघायला कोणता रंग: अ‍ॅसिटोकार्मिन की डॅपी?
प्रकल्प ठरलाय, पण रंगावर गाडी अडलीये? खर्चात अ‍ॅसिटोकार्मिन, म्हणजे गुणसूत्रं लाल करणारा रंग, सरळ जिंकतं. साधा सूक्ष्मदर्शक पुरतो. डॅपीला, म्हणजे डीएनएला चिकटून चमकणाऱ्या रंगाला, अतिनील प्रकाशाचा फ्लुरोसन्स सूक्ष्मदर्शक लागतो, शिवाय चमक हळूहळू विझते. मेहनत सारखीच; योग्य वयाची कळी मिळवणं हीच खरी डोकेदुखी.

खरा फरक दिसण्यात. अर्धगुणसूत्री विभाजनातली (परागकण घडताना गुणसूत्रं निम्मी करणारं विभाजन) गुणसूत्रं अ‍ॅसिटोकार्मिनमध्ये लालसर, ठसठशीत उठतात. पक्व परागकणात मात्र साठलेलं अन्न आणि जाड बाह्यकवच आड येतं. तिथे डॅपी कामाला येतं: नलिका केंद्रक (परागनलिका वाढवणाऱ्या पेशीचं) फिकट, पसरट, नरयुग्मकांची (नर प्रजनन पेशींची) केंद्रकं घट्ट, लखलखीत. मोहरीत ती दोन दिसतात. लिलीत शोधत बसू नका, तिथे परागनलिका वाढेपर्यंत एकच जनन केंद्रक असतं; त्याच्या विभाजनातूनच पुढे दोन नरयुग्मकं होतात.

विभाजनाचे टप्पे हवेत तर अ‍ॅसिटोकार्मिन, नरयुग्मकं मोजायची तर डॅपीच.