क्वाड की साइड-बाय-साइड? संत्र्याच्या बागेत दोन्ही चालवून पाहिल्यावर

घरी मिनी ट्रॅक्टर आहे, पण रोज वावरात फेरी मारायला काहीतरी हलकं हवं, असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. ज्यांच्याकडे ट्रॅक्टरच नाही त्यांनी आधी तो घ्यावा. क्वाडला काय किंवा साइड-बाय-साइडला काय, सहसा पीटीओ, म्हणजे अवजार फिरवणारा मागचा शाफ्ट, नसतो. रोटाव्हेटर, फवारणीचा ब्लोअर यांच्यासाठी ट्रॅक्टरच लागतो, आणि महाडीबीटीवर अनुदानही ट्रॅक्टर, पॉवर टिलर आणि अवजारांना मिळतं. या दोन गाड्यांचा पैसा आपल्याच खिशातून जाणार, असं धरून चला.

क्वाड म्हणजे चार चाकांची, पण मोटरसायकलसारखी पाय टाकून बसायची, हँडलची. साइड-बाय-साइड म्हणजे स्टिअरिंग, शेजारी-शेजारी दोन सीट, वर लोखंडी पिंजरा आणि मागे हौदा. मी क्वाड घेतली. साडूंकडे साइड-बाय-साइड आहे आणि संत्र्याच्या एका आंबिया बहाराच्या हंगामात, बागेला बांबूचे टेकू लावण्यापासून तोडणीपर्यंत, ती आमच्याकडेच मुक्कामाला होती. त्यामुळे दोन्हींची सवय झाली. बाग सातपुड्याच्या पायथ्याशी आहे. खालचा भाग काळ्या मातीचा, वरचा बरड, मधून नाला जातो. तुमची जमीन सगळी एकसारखी सपाट असेल तर यातल्या निम्म्या गोष्टी तुम्हाला लागू होणार नाहीत.

वजनाचं आधी सांगून टाकतो, कारण त्यात चर्चेला फारशी जागा नाही. साइड-बाय-साइडच्या हौद्यात चार-पाच क्विंटल माल आरामात बसतो, आणि बऱ्याच मॉडेलांत हौदा मागे उलटताही येतो. क्वाडच्या पुढच्या रॅकवर साधारण चाळीस किलो आणि मागच्यावर ऐंशी, म्हणजे मागे संत्र्याचे तीन कॅरेट ठेवले की संपलं. मागे छोटी ट्रॉली जोडली तर काम भागतं, पण ट्रॉली लावून नाल्याचा चढ चढायचा म्हणजे मागचा अॅक्सल कसला आहे ते बघावं लागतं. सरळ, अखंड अॅक्सलवाली गाडी ओझ्याखाली बसत नाही. चारही चाकं वेगवेगळी हलणारी गाडी कंबरेला सुखाची, पण ट्रॉलीचा भार आला की मागे दबते.

फवारणीसाठी क्वाड घेऊ, असं कोणी म्हणत असेल तर थोडा हिशेब करावा. ऐंशी किलोत टाकी आणि पंपाचं वजन गेलं की पाणी उरतं साठ लिटरच्या आसपास. वाढलेल्या संत्र्याला पाच-सात लिटर फवारा लागतोच. म्हणजे दहा झाडांत टाकी रिकामी. सहा बाय सहा मीटरवर लावलेल्या बागेत एकरी ११० च्या वर झाडं असतात. एका एकरासाठी अकरा वेळा टाकी भरत बसण्यापेक्षा ब्लोअर बरा. झाडाखाली पट्ट्यात तणनाशक मारायला मात्र क्वाड झकास आहे, आणि लहान झाडांच्या बागेतही चालते.

आता पांदण. क्वाडची रुंदी सव्वा मीटरच्या आत-बाहेर, साइड-बाय-साइड दीड मीटर किंवा जरा जास्त. दोन्ही बाजूंनी बोरी-बाभळी आत झुकलेल्या आमच्या पांदणीत हा फरक चांगलाच जाणवतो. पण क्वाडचाही इथे एक तोटा आहे. बंडी आणि ट्रॅक्टरने पाडलेल्या चाकोऱ्या तिच्या मापाच्या नसतात. एक चाक चाकोरीत, दुसरं मधल्या उंचवट्यावर, आणि गाडी सतत कलती. पॉवर स्टिअरिंग नसेल तर चाकोरी हँडल हातातून ओढून घेते. ते असल्याशिवाय काळ्या जमिनीसाठी क्वाड घेऊ नये, असं मी म्हणेन. जमिनीपासूनची उंची अठ्ठावीस सेंटिमीटर लिहिलेली असते, तीही मधल्या उंचवट्याला कधी कधी कमीच पडते.

माझा निर्णय मात्र यातल्या कशावरच झाला नाही. तो झाला उतरण्या-चढण्यावर.

बागेतलं रोजचं काम म्हणजे सारखं थांबणं. ड्रिपची लॅटरल नळी सरकली आहे, उतरा. ड्रिपर बुजला आहे, उतरा. खोडाला डिंक्या रोग दिसतो आहे का, कुठल्या झाडाखाली फळं जास्त गळली, टेकू सुटला का, धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, तारेचं फाटक उघडा, गाडी आत घ्या, परत उतरून बंद करा. साइड-बाय-साइडमध्ये प्रत्येक वेळी आधी बाजूची जाळी सोडायची, मग सीटबेल्ट, मग बाहेर. परत बसताना उलट क्रमाने. बेल्ट लावला नाही तर गाडी पीं पीं करत राहते, आणि बऱ्याच मॉडेलांत ताशी पंचवीस किलोमीटरच्या आसपास वेग अडवून ठेवते. बागेत पंचवीसही कोण चालवतो? वेगाची अडचण नव्हतीच. अडचण त्या आवाजाची, आणि दर चार झाडांमागे तेच ते करण्याची. शेवटी सालदाराने काय केलं, तर बेल्ट पाठीमागून घेऊन खटक्यात अडकवून टाकला आणि त्याच्या पुढे बसायला लागला. जाळी तर टाकीमागे गुंडाळून ठेवलेली सापडली. गाडीत जीव वाचवायला जे दिलं होतं ते सगळं बिनकामाचं झालं, आणि त्याला दोष देणं मला जमलं नाही, कारण दुसऱ्या दिवशी मीही तसाच बसलो होतो. वर पिंजऱ्याचा वरचा भाग झुकलेल्या फांद्यांना लागायचा. टेकू दिलेली भरली फांदी हलली की फळ खाली आलंच.

क्वाडवर अंगठा सोडला, पार्किंगची कळ दाबली, पाय काढला, खाली. परत चढायला तेवढाच वेळ. ज्या कामासाठी गाडी घेतली ते काम असंच तुटक-तुटक असतं. अंगठ्याने थ्रॉटल धरून तासन्‌तास चालीच्या वेगाने फिरलं की अंगठा ठणकतो, हे खरं आहे. पण थांबणंच इतकं आहे की मला त्याचा त्रास कमी वाटला. कोणाला जास्तही वाटेल.

यावर कोणी म्हणेल, पिंजरा आहे म्हणून निदान गाडी पालथी झाली तर वाचू तरी. बरोबर आहे. क्वाडला पिंजरा नसतो, आणि ती पालथी झाली तर तीन-साडेतीनशे किलो अंगावर येतात. धुऱ्याच्या उतारावर ती आडवी चालवू नये, डोक्यावर हेल्मेट हवं, आणि घरातल्या पोरांच्या हाती किल्ली लागू देऊ नये. ज्यांच्याकडे तरणी पोरं हौसेने गाडी पळवतील अशी शंका आहे, त्यांनी साइड-बाय-साइडच घ्यावी. बेल्ट कसा लावून घ्यायचा ते तुम्ही बघा.

माणसं न्यायची असतील तरी उत्तर बदलतं. क्वाड बहुतेक एकट्याचीच असते, मागे कोणी बसवू नये असं तिच्यावरच लिहिलेलं असतं. घरातली बाई साडीत पाय टाकून तिच्यावर बसणार नाही. आमचे बाबा धोतरातच वावरात येतात, त्यांना साइड-बाय-साइडची फार आवड लागली होती. डोक्यावर सावली, बसायला पाठ, आणि मे महिन्यात ४५ डिग्रीत मांड्यांखाली इंजिन नाही. गाडी परत गेली तेव्हा ते माझ्याशी दोन दिवस धड बोलले नाहीत.

काळ्या मातीचा त्रास दोघींनाही होतो. चिखल चाक आणि मडगार्डच्या मध्ये दाबून बसतो, रेडिएटरवर थापला जातो, आणि मग पंखा थांबायचं नाव घेत नाही. बहुतेक गाड्या सीव्हीटी बेल्टवर चालतात, म्हणजे इंजिनचा जोर रबरी बेल्टमधून चाकांपर्यंत जातो. चिखलात हाय गिअरमध्ये रेटली की बेल्ट तापतो आणि जळक्या रबराचा वास येतो. लो गिअर त्यासाठीच दिलेला असतो. नाल्यात पाणी बेल्टच्या घरात शिरलं तर इंजिन ओरडतं पण गाडी हलत नाही. न्यूट्रलमध्ये थोडा वेळ रेस देऊन बेल्ट सुकवावा लागतो. यामाहाच्या कोडियाक आणि ग्रिझलीत बेल्टसोबत तेलात बुडालेला क्लच असतो, त्यामुळे बेल्ट सतत ताणलेला राहतो आणि उतारावर इंजिन गाडीला चांगलं आवरतं. होंडाच्या रुबिकॉनमध्ये बेल्टच नाही, गिअर आहेत. कुबोटाची आरटीव्ही-एक्स ही साइड-बाय-साइड डिझेलवर आणि हायड्रोस्टॅटिक, म्हणजे बेल्टऐवजी तेलाच्या दाबावर चालणारी, आहे. वावरात डिझेल असतंच, त्यामुळे हा मुद्दा लहान नाही. क्वाडसाठी पेट्रोलचा कॅन वेगळा सांभाळावा लागतो. पण यातलं आपल्याकडे काय मिळतं आणि त्याचे पार्ट कुठून येतात, हे गाडी बघण्याआधी विचारा.

टायरबद्दल एक गोष्ट दुकानदार सांगत नाही. क्वाडच्या टायरांत हवा साधारण पाच-सात पीएसआयच असते. बाभळीचा काटा लागला की आपण पंक्चरवाल्याकडे जातो, आणि तो सवयीने तीस भरून देतो, कारण त्याच्या गेजला पाच दिसतच नाही. मग गाडी दगडावर उड्या मारते. कमी दाबाचा गेज आणि पंक्चर बुजवायचे मशरूम प्लग सीटखाली ठेवलेले बरे.

डांबरी रस्ता ओलांडून वावरात जावं लागत असेल तर नोंदणीचं आधी आरटीओत विचारून घ्या. पोलारिसने २०२१ मध्ये स्पोर्ट्समन ५७० ही क्वाड ट्रॅक्टर म्हणून नोंदवता येईल अशा रूपात इथे आणली होती, तेव्हा एक्स-शोरूम किंमत ७.९९ लाख होती. प्रत्येक क्वाडला ती सोय असतेच असं नाही, आणि नंबरप्लेट नसलेल्या गाडीचा अपघात झाला तर विमाही मागता येत नाही.

तेव्हा रोज एकटे फिरणार असाल, बाग वाढलेली असेल आणि पांदण अरुंद असेल, तर मी क्वाडकडे झुकेन. मजूर, कॅरेट आणि म्हातारं माणूस सोबत न्यायचं असेल तर माझं ऐकू नका. कुठलीही घ्या, ट्रायल डांबरावर देतो म्हणाला तर नाही म्हणा. पाऊस पडून गेल्यावर पांदणीतच मागा. आणि बेल्टवाली घेतली तर जास्तीचा बेल्ट त्याच दिवशी सोबत आणा. नागपूरहून मागवला तर तो येईपर्यंत ओलिताची एक पाळी पायीच करावी लागते.