घोडबंदर रोडला दमटपणा विकणारा

ठाण्यात, घोडबंदर रोडला, ऐन मे महिन्यात आम्ही दमटपणा विकत घेतला. साडेसात हजार रुपये मोजून. जिथे कपाटातल्या चामडी पट्ट्याला बुरशी धरते आणि तळलेला पापड जेवण संपेपर्यंत मऊ पडतो, तिथे. हसून झालं असेल तर पुढे वाचा, कारण तो विकणारा माणूस अजून सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरतोय आणि त्याची युक्ती चांगल्या शिकलेल्या लोकांवरही चालते.

आमच्याकडे कॅलेथिया ऑर्बिफोलिया आहे. मूळची दक्षिण अमेरिकेतली; मोठी गोल पानं, त्यांवर चंदेरी पट्टे. या पानांच्या कडा तपकिरी होऊन करपायला लागल्या. इंटरनेटवर कुठेही विचारा, एकच उत्तर मिळतं: ह्युमिडिटी कमी पडतेय. हे उत्तर बहुतेक थंड देशांतल्या, हिवाळाभर हीटर लावून बसणाऱ्या लोकांनी लिहिलेलं असतं, हे कोणी सांगत नाही. त्याच सुमारास ग्रुपवर जाहिरात आली, ‘प्लांट डॉक्टर, घरी येऊन तपासणी मोफत’.

मुलगा नीटनेटका, बोलायला गोड. झाडाकडे बघून च्‌ च्‌ केलं आणि बॅगेतून घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा काढला. आत हवेतला ओलावा मोजणारा एक डिजिटल मीटर आणि त्याच्या खाली पांढऱ्या पुड्या, नव्या बुटांच्या खोक्यात असतात तशा. मीटर बाहेर काढून त्याने लगेच माझ्यासमोर धरला. आकडा होता २४. “मॅडम, चोवीस टक्के! हिला साठ लागतात. एसी सगळा ओलावा खेचून घेतोय.” मी अजून आकडा बघतेय तोवर मीटर परत डब्यात, झाकण बंद.

त्या पुड्या सिलिका जेलच्या. बंद डब्यात त्या हवा पार कोरडी करतात. आतल्या सेन्सरला बाहेरच्या हवेची सवय व्हायला चांगला पाव-अर्धा तास लागतो, त्यामुळे पहिल्या मिनिटाला दिसतो तो आकडा डब्यातल्या हवेचा असतो, तुमच्या दिवाणखान्याचा नव्हे. वॉटर प्युरिफायरवाले पूर्वी ग्लासात दोन सळया बुडवून तुमचं चांगलं पाणी तपकिरी करून दाखवायचे ना, हा त्यातलाच धाकटा भाऊ. नंतर आम्ही साधा मीटर आणून बघितला: मे महिन्यात संध्याकाळी खोलीत ६० च्या वर, एसी चालू असताना पन्नाशीच्या आसपास. कॅलेथियाला तेवढं पुरतं.

त्याने आम्हाला विकलेल्या किटमध्ये एक अल्ट्रासॉनिक ह्युमिडिफायर, म्हणजे हवेत पाण्याचे बारीक कण सोडणारं यंत्र, ओलाव्याचा आकडा दाखवणारा, वायरच्या टोकाला सेन्सर म्हणून काळं बटण असलेला ‘ऑटो कंट्रोलर’ आणि एक लेबल नसलेली निळसर बाटली, ‘लीफ टॉनिक’, दर वेळी पाण्यात झाकणभर टाकायची. ऑर्डर त्यांच्या वेबसाइटवरूनच द्यायला लावली, पैसे यूपीआयने.

बाटलीबद्दल आधी सांगते, कारण पैसे गेले ते गेले, ही गोष्ट त्याहून वाईट. अल्ट्रासॉनिक यंत्र पाणी उकळत नाही. एक चकती इतक्या वेगाने कंप पावते की पाण्याचे बारीक कण उडतात, आणि पाण्यात जे काही असेल ते त्यांच्यासोबत हवेत, तिथून आपल्या फुप्फुसात. दक्षिण कोरियात ह्युमिडिफायरच्या पाण्यात टाकायच्या जंतुनाशकांमुळे शेकडो माणसं दगावली. २०११ मध्ये ती जंतुनाशकं बाजारातून काढून घ्यावी लागली. आमच्या घरात दम्याचं माणूस आहे. बाटली उघडलीसुद्धा नाही, ती तक्रारीसाठी ठेवली आहे.

यंत्र मात्र चाललं. आठवडा उलटायच्या आत टीव्हीवर, टीपॉयवर आणि खुद्द कॅलेथियाच्या पानांवर पांढरी पूड साचली. बोट फिरवलं की रेघ उमटायची. ते टँकरच्या पाण्यातले क्षार. कडा करपायच्या थांबल्या नाहीतच, वर पलंगामागच्या भिंतीला काळे ठिपके आले. आणि कंट्रोलर? सकाळ असो, रात्र असो, आकडा ६५. आम्ही खूश.

शंका आली ती शेजारच्या काकांना. आयुष्यभर कॉलेजात केमिस्ट्री शिकवलेला माणूस. त्यांनी पाण्याच्या एका बाटलीच्या झाकणात मीठ घेतलं, ओल्या वाळूइतपत होईल एवढंच पाणी घातलं, विरघळू दिलं नाही. ते झाकण आणि काळं बटण एका झिपच्या पिशवीत घालून रात्रभर ठेवलं. मिठाच्या अशा संपृक्त द्रावणावर बंद जागेत हवेची आर्द्रता ७५ टक्क्यांवर येऊन थांबते, हा पक्का नियम आहे. कुठलाही मीटर घरी असाच तपासता येतो. आमचा नवा साधा मीटर ७२ वर आला, म्हणजे तीनाचा फरक, चालतंय. काळं बटण ६५. मग काकांनी ते सिलिका जेल ठेवलेल्या एका बंद डब्यात घातलं. ६५. शेवटी त्यांनी पेचकसाने बटण उघडलं. आत सेन्सर नव्हता. वायरचं टोक कापून डिंकाच्या थेंबाने चिकटवलं होतं, एवढंच.

झाडाचा खरा आजार कुंडीत निघाला. एप्रिल-मेमध्ये आमच्याकडे टँकर येतात, ते पाणी बोअरचं. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरवर नऊशेच्या घरात. पालिकेचं पाणी शंभराच्या आसपास. हे क्षार मातीत साचत जातात आणि पानांच्या कडा जळतात. आरओतून वाया जाणारं पाणी झाडांना घालणाऱ्यांनीही हे लक्षात घ्यावं, त्यात क्षार आणखी घट्ट असतात. कुंडी पालिकेच्या पाण्याने खालून धो धो वाहीपर्यंत धुतली, यंत्र बंद केलं. जुनी पानं सुधारत नाहीत, पण नवं पान कोरं निघालं. पाणी फवारण्याचा उपयोग तर काही मिनिटांपुरताच, पाणी सुकलं की हवा पूर्ववत.

तक्रारीचं असं. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे विक्रेत्याच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निवारण करायचं असतं. पोच आली नाही. मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, सोबत यूपीआयचा व्यवहार क्रमांक, उघडलेल्या बटणाचा फोटो आणि खोक्याचा फोटो जोडला. खोक्यावर उत्पादकाचं किंवा आयातदाराचं नाव-पत्ता नाही, एमआरपी नाही. एवढ्यावरूनसुद्धा तक्रार होते. त्यानंतर मात्र फोन आला, ‘पुढच्या खरेदीवर अर्धी रक्कम कुपनात देतो’. कुपन घेतलं नाही. पूर्ण पैसे हवेत असं लेखी कळवलं आहे, आणि उत्तर नाही आलं तर ठाण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाणार.

आता तो दुसऱ्या नावाने कावेसर-वाघबीळकडच्या ग्रुपवर दिसतोय. घरी आलाच तर त्याला चहा द्या, मीटर डब्याबाहेर टेबलावर ठेवायला सांगा आणि अर्धा तास गप्पा मारत बसवून ठेवा.